संशोधनाच्या सन्मानार्थ काढलेली पदकं: सोलापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

फेब्रुवारीत विज्ञान दिन जवळ आला, किंवा विद्यापीठाच्या दीक्षांत समारंभाची तारीख लागली, की हे प्रश्न ठरल्यासारखे येतात. कुणाला आजोबांच्या ट्रंकेत डबी सापडलेली असते, कुणाला वडिलांच्या नावानं पदक ठेवायचं असतं, कुणाला 'अभिनंदन, आपली निवड झाली' असा ईमेल आलेला असतो. तीच तीच उत्तरं फोनवर देण्यापेक्षा एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. खेळाची, सैन्याची आणि पोलिसांची पदकं इथे नाहीत. त्यांचे नियम वेगळे.

१. स्मृतिपदक आणि पुरस्काराचं पदक यांत फरक काय?

पुरस्काराचं पदक दर वर्षी किंवा ठरावीक काळानं देतात. ठसा तोच राहतो, नाव बदलतं. स्मृतिपदक मात्र एखाद्या शोधासाठी किंवा माणसासाठी एकदाच पाडतात. मग प्रती दहा निघोत की हजार.

उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी विजयदुर्गाकडून जमखंडी-विजापूरच्या बाजूनं गुंटूर, मच्छलीपट्टणकडे गेली. आपल्या विजापूर वेशीपासून विजापूर शंभरेक किलोमीटर, म्हणजे इतक्या जवळून. जमखंडीला आणि विजापूरला इंग्रज अधिकारी दुर्बिणी लावून बसले होते. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सन यांनी वर्णपटदर्शकातून (प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून) सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा पाहिल्या आणि त्या तापलेल्या वायूच्या आहेत हे ओळखलं. शिवाय ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही दिसतील, हे त्यांच्या लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पाहिल्याही. इकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, तेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. श्रेय कुणाचं यावर भांडण पेटायचं, त्याऐवजी १८७२ साली फ्रान्समध्ये दोघांचे चेहरे एकाच बाजूला असलेलं पदक काढलं गेलं. स्मृतिपदक म्हणतात ते हे. ते कुणी स्पर्धेत जिंकलेलं नाही. 'हे घडलं, या दोघांनी केलं' एवढं धातूत नोंदवलेलं आहे.

जाता जाता: त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर स्वतः विजयदुर्गाच्या तटावर उभे होते असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. ते तेव्हा इंग्लंडमध्येच होते.

२. जगातलं सर्वांत जुनं विज्ञानपदक कोणतं?

अजूनही दिल्या जाणाऱ्यांत लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोपली पदक. सर गॉडफ्री कोपली यांनी १७०९ साली १०० पौंड मागे ठेवले, त्या पैशातून हे सुरू झालं. १७३१ साली विजेच्या प्रयोगांबद्दल ते स्टीफन ग्रे यांना मिळालं. म्हणजे नोबेलच्या आधी १७० वर्षं. सी. व्ही. रामन यांना १९३० साली रॉयल सोसायटीचं जे पदक मिळालं ते कोपली नव्हे, ह्यूज पदक. प्रश्नमंजूषेत ही चूक दर वर्षी होते.

३. आपल्या देशात संशोधनासाठी सर्वांत मोठा सन्मान आता कोणता?

राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार. पूर्वीचं शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक आता त्याच्यातच 'विज्ञान युवा' या नावानं आलं आहे. बाकीचे तीन विभाग म्हणजे विज्ञानरत्न, विज्ञानश्री आणि विज्ञान टीम. यात सनद आणि पदक मिळतं, रोख रक्कम नाही. पहिला सोहळा ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती भवनात झाला, तेव्हा ३३ पुरस्कार दिले गेले. नामांकनं केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर भरतात, त्याला शुल्क नाही. 'शुल्क' म्हटल्यावर कान टवकारले असतील तर थेट प्रश्न १३ वाचा.

४. 'सुवर्णपदक' खरंच सोन्याचं असतं का?

बहुतेक वेळा नाही. नोबेलचं पदक खरं सोन्याचं आहे: १८ कॅरेट, साधारण १७५ ग्रॅम, व्यास ६६ मिलिमीटर. १९८० पूर्वी ते २३ कॅरेटचं असे. गणिताचं फील्ड्स पदक १४ कॅरेटचं, आणि त्यावर आर्किमिडीजचा चेहरा आहे. ऑलिंपिकचं सुवर्णपदक मुळात चांदीचं, वर किमान ६ ग्रॅम सोन्याचा मुलामा. आपल्याकडे संस्थांतून मिळणारी 'सुवर्ण'पदकं म्हणजे सोन्याचं पाणी दिलेली चांदी, पितळ किंवा जस्ताची मिश्रधातू. यात फसवणूक नाही. ते क्रमांकाचं नाव आहे, धातूची हमी नव्हे. ते लग्नात मोडायला निघालात तर मात्र सराफासमोर पंचाईत होईल.

५. आजोबांचं पदक सापडलं. धातू कोणता हे घरच्या घरी कसं कळेल?

घासून नाही, चावून नाही, कसोटीच्या दगडावर ओढून तर अजिबातच नाही. पाण्यात तोलून बघा.

लागतं काय? ०.१ ग्रॅम किंवा त्याहून बारीक मोजणारा छोटा काटा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅमनं उडी मारणारा चालत नाही. पदकाची फीत काढा, पदक कोरडं तोला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. पदक बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं हातानं लटकवत ठेवा. तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. आता काट्यावर जो आकडा दिसेल तितके घनसेंटिमीटर पदकाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्यानं भागा, घनता मिळाली.

समजा कोरडं वजन ५२.५ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ५ आला. भागाकार १०.५, ही चांदी. तेच वजन असून आकडा ६ च्या आसपास आला, तर घनता पावणेनऊच्या घरात. मग तांबं, कांस्य किंवा पितळ. सातच्या खाली आली तर जस्ताची मिश्रधातू. १८ कॅरेट सोनं पंधरा-सोळा दाखवतं, शुद्ध सोनं १९.३. मुलामा इतका पातळ असतो की भागाकारात तो जाणवत नाही, आतला धातूच बोलतो. पितळ आणि कांस्य यांत या रीतीनं फरक करता येत नाही, तेवढं ध्यानात ठेवा. पदकाला मीना किंवा काच जडवलेली असेल तर हा प्रयोग करू नका.

आता सराफाकडच्या यंत्राबद्दल. क्ष-किरणांवर चालणारं ते यंत्र झटपट टंच सांगतं, पण ते वरचा थर वाचतं. जाडसर मुलाम्याच्या पदकाला ते बिनदिक्कत भरपूर सोनं दाखवेल. 'यंत्रानं सोनं दाखवलं, पाण्यानं पितळ दाखवलं' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना आम्ही सांगतो: दोन्ही बरोबर आहेत.

६. पदकावर नेमकं काय वाचायचं?

आधी कड बघा. लोक समोरची आणि मागची बाजू पाहतात आणि कड विसरतात. मिळवणाऱ्याचं नाव, साल, टांकसाळीची खूण किंवा धातूचा शिक्का बरेचदा तिथेच असतो. नंतर चेहऱ्याच्या खांद्याखाली किंवा तळाशी बारीक अक्षरं शोधा; ती ठसा कोरणाऱ्याची सही. लुई पाश्चर यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त १८९२ साली पॅरिसला काढलेलं पदक घेतलंत तर ते कोरणारा ओस्कार रोती हाही तितकाच नावाजलेला माणूस.

डबीच्या झाकणातलं कापड उचलून बघा, आत बनवणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. सोबतचं पत्र, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्राचं कात्रण, यांतलं काहीही फेकू नका. नाव, कारण आणि तारीख ही तीन असतील तर पितळेचं पदकही घराण्याचा दस्तऐवज असतं. ती नसतील तर चांदीचं पदक म्हणजे नुसती चांदी.

७. काळं पडलंय. चिंच लावून घासू का?

नको. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पितळ घासायची पावडर, राख, यांतलं काहीही नको. कांस्याच्या पदकावरचा तपकिरी रंग मळ नसतो. बनवणाऱ्यानं रसायनं आणि उष्णता देऊन तो मुद्दाम आणलेला असतो. तो गेला की चेहऱ्याची खोली जाते, पदक देव्हाऱ्यातल्या नव्या घंटीसारखं दिसू लागतं आणि जाणकाराच्या लेखी त्याची किंमत निम्म्यावर येते. मुलाम्याचं पदक घासलंत तर सोनं फडक्यावर येईल.

फार तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलेला मऊ कापूस हलक्या हातानं, आणि लगेच कोरडं करणं. हिरवी पूड सुटत असेल तर तो गंज आहे. ते काम वस्तुसंग्रहालयातल्या जतन करणाऱ्या माणसाचं.

८. मग ठेवायचं कसं?

मऊ, चिकट वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटातून आधी बाहेर काढा. ते पीव्हीसी असतं, त्यातून आम्लाचा अंश सुटतो आणि पदक हिरवं-चिकट होतं. रबरबँड आणि लोकरीचं कापड यांत गंधक असतं, त्यानं चांदी काळवंडते. फीत असेल तर तिची घडी घालू नका.

पांढरं सुती कापड चांगलं. सोलापुरात ते मिळायला अडचण नाही, पण कोरं वापरू नका: नव्या कापडात खळ असते. दोन-तीनदा साबणाशिवाय धुऊन, वाळवून मग गुंडाळा. रंगीत टॉवेल किंवा चादरीचा तुकडा नको. उन्हाळ्यात इथली हवा कोरडी असते, धोका जून ते सप्टेंबर. त्या काळात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. भिंतीवर लावायचंच असेल तर पश्चिमेच्या भिंतीवर नको, मे महिन्यात ती भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते.

९. आमच्या ट्रस्टला सोलापूरच्या एखाद्या संशोधनावर स्मृतिपदक काढायचंय. विषय सुचवाल?

हा प्रश्न आला की आम्हाला बरं वाटतं, कारण बहुतेक ट्रस्ट आधी संस्थापकांचा चेहरा ठरवतात आणि मग विषय शोधतात.

पहिली सूचना मालदांडीची. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून 'एम ३५-१' हा वाण काढला गेला आणि पुढे कित्येक दशकं दख्खनची रब्बी ज्वारी म्हणजे हाच वाण राहिला. आपण रोज खातो त्या भाकरीमागे एवढं संशोधन आहे, हे जिल्ह्यातल्या किती शाळांत सांगतात? दुसरी सूचना कोरडवाहू शेतीची. १९३३ पासून सोलापुरात या विषयावर पद्धतशीर प्रयोग झाले. बांधबंदिस्ती, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी यांतून जी पद्धत बसली तिला 'मुंबई कोरडवाहू पद्धत' म्हणून देशभर ओळखलं गेलं. तिसरी डाळिंबाची. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सुरू झालं, आणि लोह, जस्त, क जीवनसत्त्व जास्त असलेला 'सोलापूर लाल' हा वाण तिथला.

पदकावर चेहराच हवा असा नियम नाही. मालदांडीचं एक कणीस, मागे काळ्या रानाच्या भेगा, खाली 'मोहोळ' एवढं नाव, बस. इमारतीचं चित्र टाळा. तीन-चार सेंटिमीटरच्या तबकडीवर सगळ्या इमारती सारख्याच दिसतात.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचा २०२० चा जागतिक पुरस्कारही लोक सुचवतात. अभिमान आहेच, पण तो शिक्षकासाठीचा आहे, संशोधनाच्या यादीत बसत नाही.

१०. वडिलांच्या नावानं कॉलेजात संशोधनाचं पदक ठेवायचंय. किती रक्कम द्यावी, करारात काय लिहावं?

रकमेचा हिशेब चांदीच्या भावाशी जोडा, भावनेशी नको. संस्था मुद्दल ठेवीत ठेवते आणि व्याजातून दर वर्षी पदक करते. एक लाखाची ठेव, साडेसहा टक्के व्याज: वर्षाला ६,५०० रुपये. ५० ग्रॅम चांदीचं पदक म्हणाल तर चांदी किलोला एक लाख असताना धातूच ५,०००, मजुरी आणि डबी वेगळी. भाव दोन लाख झाला की धातूच १०,०००, म्हणजे व्याज अपुरं. जुन्या काळी काही हजारांत ठेवलेल्या पदकांचं आज हेच झालं आहे: नाव समारंभात पुकारलं जातं, हातात पडतं ते प्रमाणपत्र. म्हणून करारात वजन आणि धातू बांधून घालू नका. 'संस्थेला योग्य वाटेल त्या धातूचं' असं लिहा, आणि ठशाचा खर्च सुरुवातीलाच वेगळा द्या.

दुसरं, 'संशोधनासाठी' म्हणजे कशासाठी? गुणांवर द्यायचं असेल तर तसं लिहा. संशोधनावर द्यायचं असेल तर कोणत्या दोन तारखांमधलं काम धरायचं, प्रबंध चालेल की प्रसिद्ध झालेला शोधनिबंधच हवा, एकाच कामात चौघे असतील तर पदक कुणाला, हे लिहा. एखाद्या वर्षी योग्य काम नसेल तर पदक देऊ नये आणि व्याज मुद्दलात मिळवावं, ही ओळ तर हवीच. ती नसली की समिती कुणाला तरी देऊन मोकळी होते. विषयाचा विभागच बंद पडला तर पदक कुठे जाईल हेही लिहा.

आणि घरच्या कुणालाही निवड समितीत मत नको. समारंभाला पहिल्या रांगेत बसा, पदक हातानं द्या, पण निवडीपासून लांब राहा. यावर देणगीदार रागावतात. रागावू द्या.

११. पदक बनवतात कसं? सोलापुरात होईल का?

तीन वाटा आहेत. पोलादी ठसा कोरून यंत्रानं दाबणं, ही उत्तम वाट. उठाव खोल असेल तर एकाच पदकावर दोन-तीनदा दाब देतात आणि मधल्या वेळात धातू तापवून मऊ करून घेतात. ठसा महाग, पण एकदा झाला की वर्षानुवर्षं चालतो. दुसरी ओतकामाची: मेणाचा नमुना, त्यावर साचा. थोड्या प्रतींना ही परवडते, कडा मात्र ठशाइतक्या धारदार येत नाहीत. तिसरी तयार तबकडीवर लेझरनं कोरणं, स्पर्धांची पदकं अशीच होतात.

लेझर आणि छोटं ओतकाम गावात होतं. चांदीचं एखाद-दुसरं पदक सराफ कट्ट्यावरचा कसबी कारागीर हातानंही कोरून देतो, आणि ते फार देखणं होतं. ठशाच्या कामासाठी पुण्या-मुंबईकडे बघावं लागतं. मुंबईची सरकारी टांकसाळही पदकांची कामं घेते.

१२. मजकूर कोणत्या भाषेत असावा? आमच्याकडे घरात तेलुगू, कॉलेजात मराठी, पाहुणे कन्नड.

सोलापूर म्हटल्यावर हे आलंच. एका बाजूला एकच भाषा ठेवा. समोर मराठी, मागे नाव घरच्या लिपीत, असं सुटसुटीत दिसतं. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर लागतं. आराखडा खऱ्या मापात कागदावर छापा आणि हातभर अंतरावरून घरातल्या ज्येष्ठाला वाचायला द्या. अडखळले तर शब्द कमी करा, अक्षर बारीक करू नका. 'यांच्या पवित्र स्मृतिप्रीत्यर्थ' या सगळ्या जोडाक्षरांऐवजी नुसतं 'स्मरणार्थ' पुरतं.

१३. 'राष्ट्रीय संशोधनरत्न सुवर्णपदकासाठी आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा' असा ईमेल आलाय. भरू का?

नाही.

पुढे वाचायचं असेल तर कारणं. खरा सन्मान देणारी संस्था पैसे मागत नाही, तीच प्रवासखर्च देते. खऱ्या पुरस्काराची निवड समिती जाहीर असते, मागच्या वर्षीचे मानकरी आणि त्यांचं काम तपासता येतं. इथे मानकऱ्यांची यादी पन्नास-साठ जणांची, विषय 'शिक्षण, संशोधन, समाजसेवा व इतर', आणि कार्यक्रम हॉटेलच्या सभागृहात. नोबेलचं तर असं आहे की स्वतःच स्वतःचं नाव सुचवलं तर ते विचारातच घेत नाहीत.

हे सगळं माहीत असूनही प्राध्यापक पैसे भरतात, कारण वार्षिक अहवालात एक ओळ वाढते. त्या ओळीची किंमत मुलाखतीला बसलेल्या तज्ज्ञाला लगेच कळते, हे मात्र ते विसरतात.

१४. आमच्या पदकावर चार सिंहांची मुद्रा टाकली तर भारदस्त दिसेल. चालेल?

चालणार नाही. राजमुद्रेचा वापर २००५ च्या कायद्यानं बांधलेला आहे. खासगी ट्रस्ट, मंडळ, कॉलेज यांना ती पदकावर, पत्रावर, बॅनरवर वापरता येत नाही. सरकारचा आश्रय आहे असा भास होणाऱ्या नावांवर १९५० चा वेगळा कायदा आहे. तसंच पदकावर रुपयाचं चिन्ह किंवा मूल्य टाकू नका.

१५. होमी भाभांचं शंभर रुपयांचं नाणं आहे. ते स्मृतिपदक झालं का?

नाही, ते स्मारक नाणं. भाभांच्या जन्मशताब्दीला, म्हणजे २००९ च्या सुमारास, टांकसाळीनं ते काढलं. त्यावर मूल्य आहे, म्हणून ते नाणेविषयक कायद्याखाली येतं आणि वितळवणं गुन्हा ठरतो. पदकावर मूल्य नसतं. जतन करण्याचे नियम दोघांना सारखेच (प्रश्न ७ आणि ८).

१६. पदक मिळाल्यावर नावाआधी लावता येतं का? आणि सोबतच्या रकमेवर कर?

परिचयात, भाषणात, पाटीवर नावाखाली 'अमुक पदकाचे मानकरी' असं लिहायला हरकत नाही. पद्म सन्मानांबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९५ मध्ये स्पष्ट केलं की ते नावाआधी किंवा नावामागे उपाधीसारखे लावायचे नाहीत. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांपर्यंत हा निकाल अजून पोचलेला नाही.

कराचं थोडक्यात: केंद्र वा राज्य सरकारनं दिलेला किंवा सरकारनं त्यासाठी मंजूर केलेला पुरस्कार करमुक्त ठरत आला आहे; १९६१ च्या कायद्यात ते कलम १०(१७अ). खासगी संस्थेच्या रकमेला ही सूट आपोआप लागू होत नाही. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा विवरणपत्र भरताना सीएला पुरस्काराचं पत्र दाखवा.

१७. पदवी नसलेल्या शेतकऱ्याला संशोधनाचं पदक देता येईल का?

का नाही? बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचं 'एनएमके-१ गोल्डन' सीताफळ शेतकऱ्याच्याच बागेतल्या निवडीतून आलं. पीक वाण संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते, आणि पारंपरिक वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांना व गावांना त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडून दर वर्षी सन्मानही दिले जातात. तुमच्या नियमावलीत 'शोधनिबंध आवश्यक' असं लिहिलं असेल तर मात्र अडेल. प्रश्न १० मधली व्याख्या ठरवतानाच 'नोंदणीकृत वाण किंवा अवजार' असा पर्याय घाला.

१८. मरणोत्तर पदक देतात का?

संस्थेवर आहे. नोबेल देत नाहीत. नाव जाहीर झाल्यावर मृत्यू झाला तरच मिळतं. २०११ साली राल्फ स्टाइनमन यांचा मृत्यू घोषणेच्या तीन दिवस आधी झालेला होता, पण समितीला ते ठाऊक नव्हतं, म्हणून निर्णय कायम ठेवला गेला. आपल्याकडे अशी बंदी नाही: डॉ. जयंत नारळीकर यांचं निधन मे २०२५ मध्ये झालं आणि त्याच वर्षीचं विज्ञानरत्न त्यांना मरणोत्तर जाहीर झालं. तुमच्या पदकाच्या नियमांत यापैकी काय हवं ते आधीच लिहून टाका.

१९. पदक चोरीला गेलं, वितळलं, तर पुन्हा करून घेतलेलं खरं मानायचं का?

देणाऱ्या संस्थेनं करून दिलं तर हो.

१९४० साली जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या, तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लौए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं ठेवायला दिलेली होती. देशाबाहेर सोनं पाठवणं हा जर्मनीत तेव्हा गंभीर गुन्हा, आणि पदकांवर नावं कोरलेली. सापडली असती तर जर्मनीतच राहिलेल्या लौए यांचा जीव धोक्यात. जॉर्ज द हेवेशी यांनी दोन्ही पदकं अम्लराजात (सोनंही विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणात) विरघळवली आणि ते द्रावण प्रयोगशाळेच्या फळीवर इतर बाटल्यांत ठेवून दिलं. झडती झाली, त्या बाटल्यांकडे कुणी पाहिलं नाही. युद्धानंतर सोनं परत मिळवलं गेलं आणि नोबेल प्रतिष्ठाननं त्यातून पदकं पुन्हा पाडून दिली. ती पदकं खोटी म्हणायची हिंमत कुणी करेल?

रवींद्रनाथांचं नोबेल पदक २००४ साली शांतिनिकेतनमधून चोरीला गेलं. पुढच्या वर्षी प्रतिष्ठाननं प्रतिकृती दिल्या. गणितज्ञ कौचर बिरकार यांचं फील्ड्स पदक तर २०१८ साली रिओत मिळाल्यावर काही मिनिटांत गेलं, त्यांना दुसरं दिलं गेलं. तेव्हा आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत आणि पदकाचे फोटो घेऊन संस्थेकडे अर्ज. सराफाकडून परस्पर करून घेतलेलं मात्र प्रतिकृतीच. त्यावर तसं कोरून घ्या, नाहीतर नातवंडांचा घोळ होईल.

२०. विकता येतं का? परदेशातला एक संग्राहक आजोबांचं १९१२ चं पदक मागतोय.

स्वतःचं पदक विकायला बंदी नाही. डीएनएच्या रचनेबद्दलचं नोबेल पदक जेम्स वॉटसन यांनी २०१४ साली हयातीतच लिलावात काढलं. लिलावघराचं कमिशन धरून किंमत ४७ लाख डॉलरांच्या वर गेली आणि घेणाऱ्यानं ते त्यांनाच परत दिलं.

तुमचं प्रकरण वेगळं आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं झालेल्या कलाकुसरीच्या, ऐतिहासिक मोलाच्या वस्तू पुरावस्तू धरल्या जातात, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. कुरिअरमध्ये 'जुना बिल्ला' लिहून पाठवणं हा त्यावर उपाय नव्हे. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू ठरतं की नाही, हे लेखी घ्या. देशातल्या देशात विकायचं असेल तर धातूच्या वजनावर भाव ठरवू नका, प्रश्न ६ मधली कागदपत्रं आधी गोळा करा.

२१. ज्या शोधासाठी पदक दिलं तो नंतर चुकीचा ठरला. परत मागायचं का?

चूक आणि लबाडी वेगळ्या. योहानेस फिबिगर यांना १९२६ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं ते एका कृमीमुळे उंदरांना कर्करोग होतो या शोधाबद्दल. तो निष्कर्ष पुढे टिकला नाही. नोबेल परत घेतलं गेलं नाही, आणि ते योग्यच. त्यांनी तेव्हाच्या साधनांनी प्रामाणिक काम केलं होतं.

आकडे बनावट निघाले, शोधनिबंध त्या कारणानं मागे घेतला गेला, तर गोष्ट निराळी. पण पदक परत मागण्याचा अधिकार नंतर निर्माण करता येत नाही. तो सुरुवातीच्या नियमावलीत असावा लागतो, आणि मानकऱ्यानं पदक स्वीकारताना त्यावर सही केलेली असावी लागते. प्रश्न १० मधल्या करारात ही ओळ घालायची राहिली असेल तर पुढच्या वर्षीच्या पदकापासून घाला. मागच्यांना ती लागू होणार नाही.